आलेलं रीडिंग
(माजी विद्यार्थी स्नेहमेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



सकाळपासून आपण एकमेकांना ओळखण्याची परीक्षा देत आहोत. मला तिघांनी वेगळ्याच नावाने हाक मारली आणि मीही दोघींची नावं चुकलो, तेव्हा हिशेब फिटला. संयोजकांनी मला दहा-पंधरा मिनिटं दिली आहेत आणि विषय दिला आहे, 'थोर शास्त्रज्ञ आणि त्यांचं योगदान'. बत्तीस वर्षं पाणीपुरवठा विभागाच्या छोट्याशा प्रयोगशाळेत काढलेल्या माणसाला न्यूटन-आइनस्टाइन काय पेलणार! पण विषय नाकारला नाही, कारण या निमित्ताने एक जुनी बाकी फेडायची आहे. पहिल्या रांगेत आपले विज्ञानाचे सर बसले आहेत. बाकी त्यांची आहे.

आठवतंय का, नववीत पाण्याचा उत्कलनबिंदू काढायचा प्रयोग होता? चंचुपात्र, स्पिरिटचा दिवा, तिवई, जाळी आणि चौघांत एक थर्मामीटर. पाणी खदखदायला लागलं, पारा चढला आणि साडेसत्त्याण्णवच्या आसपास अडकला. आम्ही फुंकर घातली, वात वर केली, थर्मामीटर झटकला. पारा ढिम्म. पुस्तकात तर स्वच्छ लिहिलेलं, १०० अंश. मग आम्ही काय केलं? जर्नलमध्ये १०० लिहिलं. वर निरीक्षण तक्त्यात ९२, ९६, ९९, १०० असे छान चढते आकडेही घातले.

सरांनी जर्नलं तपासली आणि सगळ्या वर्गाचे वीसपैकी आठ गुण कापले. एका मुलीचे तेवढे कापले नाहीत. तिने ९७.५ लिहिलं होतं आणि खाली शाईने, 'थर्मामीटर बिघडला असावा'. ती आज इथे आहे, लाजू नये म्हणून नाव घेत नाही. सर तेव्हा एवढंच म्हणाले, ''आपलं गाव घाटमाथ्यावर आहे. समुद्रसपाटीपासून सातशे मीटर उंचीवर हवेचा दाब कमी, म्हणून पाणी आधीच उकळतं. पुस्तक बरोबर आहे, थर्मामीटरही बरोबर आहे. चूक तुम्ही आहात.''

मी घरी जाऊन सांगितलं, सर पार्शालिटी करतात. ते आठ गुण माझ्या मनात कित्येक वर्षं रुतून होते.

आता शास्त्रज्ञांकडे येतो. तीन गोष्टी सांगतो. तिन्ही एकाच आकड्याच्या आहेत: न जुळणाऱ्या आकड्याच्या.

पहिली गोष्ट योहान्नेस केप्लरची. डेन्मार्कच्या टायको ब्राहे नावाच्या खगोलशास्त्रज्ञाने वीसेक वर्षं रात्री जागून ग्रहांच्या जागा मोजल्या होत्या. तेव्हा दुर्बीण नव्हती. नुसते डोळे आणि प्रचंड मोठी कोनमापक यंत्रं. १६०० साली केप्लर प्रागला त्याच्याकडे आला, पुढच्याच वर्षी टायको वारला आणि त्या नोंदी केप्लरच्या हाती आल्या. त्याने मंगळ घेतला. ग्रह वर्तुळात फिरतात, हे तर दोन हजार वर्षं सगळ्यांनी मानलेलं. केप्लरने वर्तुळ धरून वर्षानुवर्षं आकडेमोड केली आणि शेवटी सगळं जवळजवळ जुळलं. फरक उरला आठ कलांचा.

आपल्या पंचांगात अंश, कला, विकला असतात, तीच ही कला. एका अंशाच्या साठ कला. पौर्णिमेचा चंद्र आपल्याला साधारण तीस कलांचा दिसतो. म्हणजे फरक केवढा? चंद्राच्या रुंदीच्या चौथ्या हिश्शाएवढा. दुसरा कोणी असता तर म्हणाला असता, टायकोच्या डोळ्यांवर झापड आली असेल. पण केप्लरला ठाऊक होतं की टायको एक-दोन कला चुकेल, आठ चुकणार नाही. म्हणून त्याने टायकोच्या नोंदीला हात लावला नाही, दोन हजार वर्षांचं वर्तुळ टाकून दिलं. १६०९ साली त्याने छापलं की मंगळ लंबवर्तुळात फिरतो. त्याच पुस्तकात त्याने म्हटलं की या आठ कलांनीच सगळ्या खगोलशास्त्राच्या सुधारणेची वाट दाखवली. त्या वाटेने पुढे न्यूटन गेला आणि १६८७ मध्ये गुरुत्वाकर्षणाचा नियम जगापुढे आला. आज उपग्रह सोडताना हेच गणित लागतं.

यात श्रेय केप्लरचं आहेच. पण माझं मन अडकतं ते टायकोपाशी. कोण वापरणार, कशासाठी वापरणार हे माहीत नसताना तो माणूस रोज रात्री खरा आकडा लिहीत होता.

दुसरी गोष्ट हवेची. इंग्लंडात लॉर्ड रॅले नावाचे शास्त्रज्ञ वायूंची घनता मोजत होते. त्यांनी नायट्रोजन दोन तऱ्हांनी मिळवला. एकदा हवेतला ऑक्सिजन वगैरे काढून टाकून उरलेला, आणि एकदा रासायनिक संयुगांपासून तयार केलेला. नायट्रोजन तो नायट्रोजन, वजन सारखंच यायला हवं. पण हवेतल्याचं वजन लिटरला १.२५७२ ग्रॅम भरलं आणि रासायनिक नायट्रोजनचं १.२५०५. दोनशेत एक भाग, एवढासा फरक. आपण काय केलं असतं? सरासरी काढली असती! रॅले यांनी १८९२ साली 'नेचर' या नियतकालिकात पत्र छापून सरळ विचारलं, मला असा फरक येतोय, कोणाला कारण सुचतंय का? एवढ्या मोठ्या माणसाने 'मला कळत नाही' असं जाहीर लिहिलं.

मग विल्यम रॅमसे हे रसायनशास्त्रज्ञ त्यांना येऊन मिळाले आणि १८९४ मध्ये दोघांनी सांगितलं की हवेत एक नवा वायू आहे. त्याचं नाव ऑरगॉन. ग्रीकमध्ये अर्थ आळशी, कारण तो कोणाशीच संयोग पावत नाही. हवेच्या शंभर भागांत जवळजवळ एक भाग ऑरगॉन असतो. आत्ता या सभागृहात आपण तो श्वासातून आत घेतोय. आपल्या विजेच्या बल्बमध्ये तो भरलेला असायचा आणि वेल्डिंगच्या दुकानातल्या सिलिंडरमध्ये आजही असतो. १९०४ साली रॅले यांना भौतिकशास्त्राचं आणि रॅमसे यांना रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं. हेच रॅमसे १९०० च्या सुमारास भारतात आले होते. जमशेटजी टाटांच्या मनातली विज्ञानसंस्था बंगलोरला व्हावी, अशी शिफारस त्यांचीच.

पण खरी गंमत पुढे आहे. १७८५ मध्ये, म्हणजे १०९ वर्षं आधी, हेन्री कॅव्हेंडिश यांनी हवेत विजेच्या ठिणग्या पाडून सगळा नायट्रोजन संपवायचा प्रयत्न केला होता. शेवटी एक छोटासा बुडबुडा उरला, काही केल्या संपेना. नायट्रोजनच्या १२० व्या भागापेक्षा मोठा नाही, असं त्यांनी लिहून ठेवलं. तो बुडबुडा कसला, हे त्यांना कळलं नाही. पण त्यांनी 'सगळा संपला' असं लिहिलं नाही. रॅले आणि रॅमसे यांना शंभर वर्षांनी ती नोंद कामाला आली.

तिसरी गोष्ट माझ्या धंद्याच्या जवळची. व्हिएन्नाच्या मोठ्या सरकारी इस्पितळात बाळंतिणींचे दोन विभाग होते. पहिल्यात डॉक्टर आणि वैद्यकीय विद्यार्थी, दुसऱ्यात सुईणी. १८४६ साली पहिल्या विभागात शंभरातल्या अकरांहून जास्त बाळंतिणी तापाने दगावल्या आणि दुसऱ्यात तिनांहून कमी. हे आकडे वहीत होते, सगळ्यांनी पाहिलेले होते. कोणी हवेला दोष द्यायचं, कोणी बायकांच्या घाबरटपणाला. इग्नात्स सेमेलवाइस या तरुण डॉक्टरला मात्र त्या दोन आकड्यांनी झोप लागू दिली नाही.

१८४७ च्या मार्चमध्ये त्याचे एक डॉक्टर मित्र शवविच्छेदन करताना विद्यार्थ्याची सुरी बोटाला लागून वारले. लक्षणं तीच, बाळंतिणींची. सेमेलवाइसच्या लक्षात आलं की विद्यार्थी शवागारातून थेट बाळंतिणींकडे येतात आणि हातांवर काहीतरी घेऊन येतात. मे महिन्यापासून त्याने क्लोरीनच्या पाण्याने हात धुणं सक्तीचं केलं. एप्रिलमध्ये मृत्यूचं प्रमाण १८.३ टक्के होतं. जूनमध्ये २.२ झालं, जुलैत १.२. जंतूंचा सिद्धांत तेव्हा यायचा होता. त्यामुळे वरिष्ठांनी त्याचं ऐकलं नाही. १८६५ मध्ये तो वेड्यांच्या इस्पितळात वारला. आज प्रत्येक दवाखान्यात हात धुण्याच्या बेसिनवर जी पाटी असते, ती त्याची.

पुढे त्याने वापरलं काय होतं? क्लोरीनयुक्त चुना. म्हणजे आपली ब्लीचिंग पावडर. आमच्या भाषेत टीसीएल.

आता माझी बाकी. नोकरीची पहिली वर्षं होती, गाव दुसरं. रोज सकाळी वेगवेगळ्या नळांचं पाणी घ्यायचं, नळीत ओटीचे थेंब टाकायचे, पिवळा रंग आला की तक्त्याशी जुळवून क्लोरीन लिहायचा. लाइनीच्या शेवटच्या टोकाला एक नळ होता. तिथे रोज ०.२ यायचं, कमीत कमी जेवढं हवं तेवढं. जुलैतल्या एका सकाळी पाऊस कोसळत होता आणि त्या नळाच्या पाण्याला रंगच आला नाही. मी मनाशी म्हटलं, ओटीचं द्रावण जुनं झालं असेल. खिशातलं पेन काढलं आणि लिहिलं, ०.२. परत द्रावण आणून तपासायला वीस मिनिटं लागली असती.

चार दिवसांनी त्या गल्लीतले लोक उलट्या-जुलाबाने दवाखान्यात आले. गटारातून जाणारा पाइप फुटला होता. सुदैवाने कोणी दगावलं नाही. पण लोक कार्यालयात तक्रार घेऊन आले, तेव्हा साहेबांनी रजिस्टर उघडून त्यांच्यापुढे ठेवलं. ''पाणी चांगलं होतं, हे बघा.'' बोट माझ्या अक्षरावर होतं. कडेवर सलाइन लावून आणलेलं पोर घेतलेली एक बाई ते वाचत होती. मी तिथेच उभा होतो आणि गप्प बसलो. आजपर्यंत हे मी कोणालाही सांगितलेलं नाही, घरीसुद्धा नाही.

त्या रात्री मला पाणी उकळण्याचा प्रयोग आठवला. ९७.५ चं १०० करणारा मुलगा आणि शून्याचं ०.२ करणारा माणूस एकच होता. सरांनी त्याला नववीतच पकडलं होतं. त्यालाच कळलं नव्हतं.

एक गोष्ट स्पष्ट सांगतो, नाहीतर गैरसमज होईल. न जुळणारा प्रत्येक आकडा म्हणजे शोध नव्हे. शंभरातले नव्वद वेळा चूक आपलीच असते, द्रावण खरंच जुनं असतं. रॅले यांनीही आधी स्वतःचीच चूक शोधली, पुन्हा पुन्हा वजनं केली. पण चूक कुठे आहे हे शोधायचं तर आलेला आकडा आधी लिहावा लागतो. तो खोडला की शोध संपला, आणि चूकही तिथेच राहिली. त्या दिवसानंतर मी आलेलं रीडिंग तसंच लिहिलं. शंका आली तर पुन्हा तपासलं आणि तेही खाली लिहिलं. त्यापायी बोलणी खाल्ली, एकदा बदलीही झाली. त्याचं फार काही नाही.

मोठ्या शास्त्रज्ञांचं योगदान म्हटलं की आपल्याला नियम आणि सूत्रं आठवतात. ती आहेतच. पण आपल्यासारख्यांना त्यांच्याकडून घेण्यासारखी एक गोष्ट राहते, आणि तिला बुद्धी फारशी लागत नाही. बँकेत, शेतात, दवाखान्यात, जिथे म्हणून आपण आकडा लिहितो, तिथे ती चालते.

आपल्या तुकडीने शाळेच्या प्रयोगशाळेसाठी निधी जमवला आहे. थर्मामीटर येतील, सूक्ष्मदर्शक येतील. माझी एक छोटी सूचना आहे. मुलांच्या जर्नलमध्ये दोन रकाने छापून घ्या, 'पुस्तकातलं उत्तर' आणि 'मला आलेलं उत्तर'. दोन्ही जुळले नाहीत म्हणून कोणाचे गुण कापू नका. जुळवून घेतले तर मात्र कापा.

सर, तुम्ही कापलेले ते आठ गुण बरोबर होते. एवढं सांगायला मला चाळीस वर्षं लागली. माफ करा.