पाणंदीतली ट्रॉली आणि सोड्याची टाकी

(सामुदायिक रेडिओवर झालेल्या भाषणाचा मजकूर)

आज मी शेवया-पापडांबद्दल बोलणार नाही, कर्जाच्या हप्त्यांबद्दलही नाही. आज चाकातल्या हवेबद्दल बोलायचं आहे. हसू नका, आमच्या गटाच्या बैठकीतही पहिल्यांदा सगळ्या हसल्याच होत्या.

करवीर तालुक्यातल्या आमच्या एका गटात एक काकी आहेत. नवरा नाही, एक एकर ऊस आहे. गेल्या हंगामात परतीचा पाऊस लांबला, रान ओलं होतं आणि त्यातच त्यांची तोड आली. टोळीनं सकाळी दहापर्यंत ट्रॉली भरली. ट्रॉली पाणंदीला लागली आणि मागचं एक चाक बसलं. पंक्चरवाला डांबरी रस्त्यावर, पाच किलोमीटरवर. त्याचा कॉम्प्रेसर जमिनीत बोल्ट मारून बसवलेला, तो काय उठून येणार? जॅक आणा, चाक खोला, मोटारसायकलवर आडवं टाकून न्या, परत आणा. तीन वाजले. टोळी बांधावर बसून. बीडकडची माणसं ती, बायका पोरं घेऊन आलेली. त्यांची मजुरी टनावर, बसून राहिलं की काही नाही. आणि तोडलेला ऊस उन्हात वाळतो, वजन घटतं. कारखाना पैसे वजनावरच देतो. काकी संध्याकाळी मला म्हणाल्या, "पंक्चर तरी असतं तर काय वाटलं नसतं गं. वॉल्व्हची पिन गळत होती नुसती!"

म्हणजे दोन रुपयांच्या वस्तूची पिन बदलायची आणि हवा भरायची, एवढंच काम होतं. पण हवा पाणंदीत नव्हती.

पुढच्या बैठकीत हा विषय निघाला. एका वहिनींचा भाचा मित्रांबरोबर जीप घेऊन डोंगरात, कोकणातल्या वाळूत हिंडतो. ही मंडळी वाळूत शिरताना चाकातली हवा कमी करतात, म्हणजे टायर पसरतो आणि रुतत नाही. डांबरीवर आलं की परत भरतात. भरायला त्यांच्याजवळ एक टाकी असते. त्यात कार्बन डायऑक्साइड, म्हणजे आपल्या गोळीसोड्याच्या गाडीवर असतो तोच गॅस. त्याला ना वीज लागते, ना इंजिन. ऐकून थोरल्या आक्का म्हणाल्या, "आवं, मग ही टाकी मी रोज एसटी स्टँडवर बघतो की!"

तर मैत्रिणींनो, तिथून आमचा उद्योग सुरू झाला, आणि पहिलीच चूक मोठी झाली. ती सांगते, कारण ती तुम्ही करू नये.

आम्हाला स्वस्तात काम करायचं होतं. भंगारातून आग विझवायचं एक जुनं नळकांडं मिळालं. गॅस तोच, टाकी तशीच, मग अडचण काय? अडचण पोटात होती. आग विझवायच्या नळकांड्यात आत तळापर्यंत एक नळी असते. त्यामुळे तोंडातून वरचा वायू येत नाही, तळातला द्रव येतो. आम्ही अंगणात चाचणी घेतली. रेग्युलेटरवर पांढरं बर्फ साचलं, तो अडकला, पाइप तोंडातून सुटला आणि सापासारखा उडाला. वहिनींच्या मनगटाला लागला. भाजल्यासारखा फोड आला, पण थंडीनं. महिनाभर भाकरी थापताना त्यांना त्रास झाला. तो माझा दोष होता. मी बी. ए. झाले ते मराठी घेऊन, पण एखाद्या जाणत्याला विचारायला काही पदवी लागत नाही.

मग आम्ही उद्यमनगरात गेलो. कोल्हापूरच्या बाईला उद्यमनगर काय नवीन नाही, निम्म्या घरांतली माणसं तिथं नाहीतर शिरोलीला कामाला. तिथल्या एका जुन्या मिस्त्रींनी आमची वही काढून घेतली आणि चित्र काढून सगळं समजावलं. तेच तुम्हाला सांगते.

या टाकीत गॅस दाबून द्रव केलेला असतो, आपल्या स्वयंपाकाच्या सिलिंडरसारखाच. पण दाब कितीतरी जास्त. साध्या दिवशी आत 800 ते 1000 पौंड, आणि उन्हानं आणखी चढतो. चाकाला पाहिजेत तीस, चाळीस, फार तर साठ पौंड. मधला सगळा दाब रेग्युलेटर अडवतो. म्हणून पैसे वाचवायचे असतील तर बाकी कुठंही वाचवा, रेग्युलेटरवर नको. तो कार्बन डायऑक्साइडसाठीचाच पाहिजे, दोन घड्याळांचा. घरच्या गॅसचा बसत नाही आणि जुगाड करून बसवायचाही नाही. पाइप दाबाच्या हवेसाठीचा, सात-आठ मीटर लांब. पाइपाच्या टोकाला वॉल्व्हला चिमट्यासारखं धरून बसणारं तोंड. हवा मोजायचं वेगळं घड्याळ. साबणाच्या पाण्याची बाटली. चाकाला लावायला दोन उट्या. बस्स.

टाकी आम्ही विकत घेतली नाही, अनामत देऊन भाड्यानं घेतली. टाकीच्या खांद्यावर तपासणीची तारीख ठोकलेली असते. ती वाचा, मुदत गेली असेल तर नको म्हणा. गॅसच्या टाक्यांना 2016 चे सरकारी नियम आहेत आणि ते बघणाऱ्या पेसो या खात्याचं मुख्य कार्यालय आपल्याच राज्यात, नागपूरला आहे. त्यामुळे भरून देणाऱ्याला परवाना दाखवा म्हणायला लाजू नका.

टाकी कायम उभी. आडवी झाली की द्रव रेग्युलेटरमध्ये येतो आणि आमच्या वहिनींसारखं होतं. आम्ही लोखंडी पट्टीचा पाळणा करून घेतला आणि तो टेम्पोच्या कठड्याला बांधतो. उन्हात ठेवायची नाही, बंद खोलीत तर मुळीच नाही. हा गॅस हवेपेक्षा जड असतो, गळला तर खाली साचतो आणि माणूस गुदमरतो. सांगलीजवळ हरिपूरला हळदीची पेवं असायची. पेवात उतरण्याआधी कंदील खाली सोडून बघायचे ना, ते याच गॅसच्या भीतीनं.

आता चाक. आधी उट्या लावायच्या. टायर नीट बघायचा. भरलेली ट्रॉली सपाट चाकावर लांबपर्यंत ओढली असेल, टायरच्या अंगावर फुगा किंवा चीर असेल, तर हवा भरायची नाही. आतले धागे तुटलेले असतात, भरताना फुटतो. कितीही घाई असू दे. पाइपाचं तोंड लावलं की चाकासमोरून बाजूला व्हायचं, पाइप लांब घेतो तो त्यासाठीच. ज्या चाकाला काढती लोखंडी रिंग असते त्याच्यासमोर तर कुणालाच उभं राहू द्यायचं नाही. ती रिंग उडाली तर माणूस जागेवर राहत नाही. आणि कुणी सुचवलं तरी ऑक्सिजन किंवा घरचा गॅस चाकात नाही म्हणजे नाही. ऑक्सिजन तेला-ग्रीसाला भेटला की भडका उडतो.

ट्रॅक्टरच्या मागच्या चाकात बरेच जण वजनासाठी पाणी भरतात. तिथं वॉल्व्ह वरच्या बाजूला येईल असं चाक फिरवून मग भरा.

आता हिशेब, कारण गटाचा पैसा आहे. एक किलो गॅसचा बाहेर पाचशे लिटरच्या आसपास वायू होतो. ट्रॉलीचं चाक पूर्ण सपाट असेल तर साठ पौंडांपर्यंत न्यायला पाऊण किलो लागतो. पाइपात जाणारा, गळणारा धरून एक किलो समजा. म्हणजे पुरवठादार किलोला जो भाव सांगेल तोच तुमचा एका चाकाचा खर्च. त्यावर टेम्पोचं तेल आणि दोघींची मजुरी. गंमत अशी की ट्रॅक्टरचं मागचं मोठं चाक दिसायला राक्षस, पण त्याला शेतात बारा-चौदा पौंडच हवा लागते, म्हणून त्याला अर्ध्या किलोत भागतं. सासूबाईंना हे पटवायला मला दोन दिवस लागले.

टाकीत किती उरलं ते घड्याळावर कळत नाही. द्रव संपेपर्यंत काटा तिथंच असतो. आपण घरचा सिलिंडर हलवून बघतो, तसं इथं वजन करायचं. रिकाम्या टाकीचं वजन तिच्यावरच ठोकलेलं असतं. आमच्याकडं आक्का काट्यावर ठेवतात आणि वहीत लिहितात.

खरं सांगायचं तर सगळ्या गटांनी हे घ्यावं असं मला वाटत नाही. आठवड्याला चार-पाचच चाकं असतील तर ट्रॅक्टरच्या बॅटरीवर चालणारा छोटा पंप पुरे. ट्रॉलीच्या चाकाला पंधरा-वीस मिनिटं घेतो, मध्ये तापला की थांबावं लागतं, पण गॅस विकत घ्यायला नको. टाकीचं काम दोन-तीन मिनिटांचं. हंगामात एका पाणंदीत चार ट्रॉल्या अडकतात तेव्हा त्या मिनिटांना किंमत असते, एरवी नाही. आम्ही आता पंपही घेतलाय. कारण हा गॅस रबरातून साध्या हवेपेक्षा लवकर झिरपतो, दोन-चार दिवसांनी चाक परत बघावं लागतं, ती वरची हवा पंपानं भरतो.

एक फायदा आम्हाला आधी सुचलाच नव्हता. ओल्या रानात रिकामा ट्रॅक्टर न्यायचा असेल तर काही शेतकरी आता मागच्या चाकाची हवा थोडी उतरवतात. टायर पसरतो, माती कमी दाबली जाते, खोडव्याच्या सरी वाचतात. पूर्वी उतरवत नव्हते, कारण परत भरणार कोण? आता डांबरीच्या तोंडाशी आमच्या दोघी उभ्या असतात. भरलेल्या ट्रॉलीची हवा मात्र कधीच उतरवायची नाही, टायर तापून फाटतो.

काकींचा ऊस यंदा डिसेंबरात गेला. चाक बसलं नाही, पण पिन तपासायला त्या स्वतः ट्रॉलीभोवती फिरल्या, थुंकी लावून बुडबुडा बघत. ड्रायव्हर म्हणाला, "काकी, बसा की आता." त्या बसल्या नाहीत.

आमची टाकी तालमीच्या मागच्या उघड्या पडवीत साखळीनं बांधलेली असते. बुधवारी दुपारी गटाची बैठक असते. बघायला यायचं तर तेव्हा या, वहिनी स्वतः जोडून दाखवतात. मनगटावरचा डागही दाखवतात.