खाटेची उंची

रात्रपाळी उतरून थेट इथं आलेल्या माझ्या मैत्रिणींनो, सोनगीरकरांनी हे परिचारिकांचं अधिवेशन आपल्या गावी बोलावलं, मला अध्यक्ष केलं.

रिवाजाप्रमाणे मी आपल्या आरोग्याच्या सगळ्या प्रश्नांचा आढावा घ्यायला हवा. सुई टोचली तर एचआयव्हीविरोधी औषध ७२ तासांच्या आत, जितकं लवकर तितकं बरं. ‘ब’ काविळीच्या लशीचे तिन्ही डोस पुरे करा. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेनं २००७ मध्ये रात्रपाळीच्या कामाला संभाव्य कर्ककारकांत बसवलं, हेही ध्यानात ठेवा. झाला आढावा. आता मला खाटेबद्दल बोलू द्या.

आपल्या वॉर्डातली लोखंडी खाट एकाच उंचीची असते. फाउलर कॉट आली. हँडल फिरवलं की रुग्णाची पाठ उचलते, गुडघे उचलतात. खाट जिथल्या तिथं. मग सलाइन, कॅथेटर, ड्रेसिंग, चादर, सगळं कमरेत वाकून.

सकाळच्या सत्रात एका वक्त्यांनी आपल्या पाठदुखीचं खापर वाढत्या वजनावर फोडलं, दुसऱ्यांनी घरकामावर, आणि दोघांनी मिळून योगासनं सुचवली. उचलताना गुडघ्यात वाका, हेही सांगून झालं. गॅस्ट्रोच्या साथीत आमच्या वॉर्डात दोन खाटांमधल्या फटीत गाद्या टाकलेल्या असत. सलाइनची बाटली खिडकीच्या गजाला बांधलेली. एक पाय गादीच्या कडेला, दुसरा बेडपॅन चुकवत ठेवलेला, आणि सुकून गेलेल्या म्हातारीची शीर काही सापडत नाही. गुडघे वाकवायचे कुठे? शेवटी तीच म्हणाली, “बठी जाय ना व माय जराशी!” त्या वॉर्डात नव्यानं लागलेल्या पोरी सडपातळ होत्या, बिनलग्नाच्या होत्या. दोन-तीन वर्षांत त्यांच्याही कमरेला पट्टे आले. वजन नव्हतं, संसार नव्हता. माझ्यापुरता वाद तिथंच मिटला.

हातांनी रुग्ण उचलायचा तर साधारण १६ किलोपर्यंतच, तेही परिस्थिती अनुकूल असेल तर, असं अमेरिकेतल्या तज्ज्ञांनी सांगून ठेवलंय. साठ किलोच्या माणसाचे दोन पाय एकदम उचलले तरी ही मर्यादा ओलांडते! मग मदतीला आणखी हात हवेत. भारतीय परिचर्या परिषदेच्या निकषानं सर्वसाधारण रुग्णालयात पाच रुग्णांमागे एक परिचारिका हवी. रात्री दोनला अख्ख्या वॉर्डात एकटी असलेल्या अधिपरिचारिकेला हा निकष सांगून बघा. वॉर्डबॉय मामा सिलिंडर आणायला गेलेला असतो.

फिनलंडमध्ये १९८० च्या दशकात काम करणाऱ्या माणसाची कार्यक्षमता मोजायचा एक निर्देशांक तयार झाला. ७ ते ४९ गुण. मोजणी चांगलीच आहे, पण गुण बाईला पडतात. खाटेला कोण नापास करणार?

या गावात तांब्या-पितळेची भांडी घडतात. तांबट काम आपल्या बसण्याच्या मापाला लावून घेतो. भांड्यासाठी तो दिवसभर ओणवा राहत नाही. आपल्याला एवढाही अधिकार नाही. खरेदीच्या फायलीवर खाटेची किंमत असते, पत्र्याची जाडी असते; पण ती खाट जिला वापरायची त्या परिसेविकेची सही कुठंच नसते. मी नोकरीत असताना हे लिहून दिलं होतं. उत्तर आलं नाही.

तेव्हा वॉर्डावॉर्डातल्या खाटांची मापं घ्यायला हवीत. कुणी, कधी, ते कार्यकारिणी बघेल. जेवणानंतर डॉक्टरसाहेब सुयांवर बोलणार आहेत. मी पहिल्या रांगेत बसेन, आणि प्रश्न खाटेचाच विचारीन.