तेजीचे दिवसही डॉक्टरांना सांगा

(रौप्यमहोत्सवी वर्षातील आरोग्यविषयक कार्यक्रमात केलेले भाषण)

आपल्याकडे कुणाला शुगर निघाली की लिफ्टमध्येच चर्चा होते. कुणी डॉक्टर सुचवतं, कुणी कारल्याचा रस. मनाच्या आजाराची गोळी मात्र लपूनछपून घरात येते. आज तिच्याबद्दल बोलू. मानसोपचार विभागात मी नर्स होते, तेवढाच माझा अधिकार. निदान डॉक्टरांनीच करायचं.

चार दिवस वाईट वाटलं म्हणजे नैराश्याचा आजार नव्हे. दोन आठवडे किंवा जास्त, जवळजवळ रोज, मन उदास राहतं किंवा कशातच रस वाटत नाही. झोप आणि भूक बिघडते, थकवा येतो, आपण निरुपयोगी आहोत असं वाटतं. ज्येष्ठांमध्ये तर उदासपणाऐवजी अंगदुखी किंवा विसरभोळेपणाचीच तक्रार पुढे येते. ज्याला आंघोळीला उठणंही जड जातं, त्याला "जरा मन रमव" सांगून काय होणार?

बायपोलर आजाराला दोन टोकं असतात. एका बाजूला हेच नैराश्य, दुसऱ्या बाजूला तेजी. दोन-तीन तास झोपूनही माणूस ताजातवाना, अखंड बोलणं, रोज नवी योजना, ऐपतीबाहेर खर्च, कुणी अडवलं की संताप. ही तेजी सौम्य असली तर घरच्यांना कौतुकच वाटतं! गणपतीत एखादी रात्र जागणं म्हणजे आजार नव्हे. पण नेहमीच्या स्वभावाहून वेगळं वागणं दिवसेंदिवस टिकलं, तर लक्ष द्यावं.

इथेच गफलत होते. माणूस डॉक्टरांकडे जातो तो बहुधा उदास असताना. तेजीचे दिवस त्याला आजार वाटतच नाहीत, म्हणून तो सांगत नाही. बायपोलर असताना नुसती नैराश्याची गोळी दिली गेली, तर काही जण उलट्या टोकाला जाऊ शकतात. म्हणून सोबत जाणाऱ्यांनी आपणहून सांगावं: असे दिवस पूर्वी आले होते का, किती टिकले, मामा-काका-आत्या कुणाला असा त्रास होता का. घराण्याची अब्रू तिथे आड आणू नका.

उपचार आहेत. लिथियमचा उपयोग जॉन केड यांनी १९४९ साली ऑस्ट्रेलियातून मांडला, ते आजही दिलं जातं. त्याचं रक्तातलं प्रमाण तपासावं लागतं. जुलाब झाले, अंगातलं पाणी कमी झालं, किंवा काही वेदनाशामक गोळ्या घेतल्या तर ते धोकादायक वाढू शकतं. तेव्हा शेजारधर्म म्हणून आपली गोळी दुसऱ्याला देऊ नका. नैराश्याच्या गोळ्यांचा पूर्ण गुण यायला काही आठवडे लागतात, आणि बरं वाटलं तरी त्या आपल्या मनाने बंद करायच्या नाहीत.

शेवटचं. "जगणं नकोसं वाटतं का?" असं विचारल्याने तो विचार कुणाच्या डोक्यात शिरत नाही. आपुलकीने, सरळ विचारा. उत्तर "हो" आलं तर त्यांना एकटं सोडू नका, लगेच डॉक्टरांची मदत घ्या. सरकारची टेलिमानस सेवा १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास, विनामूल्य आहे. मराठीतही बोलता येतं.

समितीला एकच विनंती: सूचनाफलकावर प्लंबर, इलेक्ट्रिशियनच्या नंबरांसोबत हाही नंबर लावावा.