झिजलेल्या नावांचा राजा



फँटसी कादंबऱ्यांत ग्वेन, मॉर्गन, आर्थर यांच्या वळणाची नावं वारंवार भेटतात, आणि ‘ही सगळी उसनवारी’ म्हणून त्यांना नाकं मुरडणारे वाचकही भेटतात. त्यांच्याशी आज मला वाद घालायचा आहे. आर्थर राजाच्या कथेतली नावं कधी एका जागी राहिलीच नाहीत.

जुन्या वेल्श कवनांत मर्धिन नावाचा द्रष्टा आहे. लढाईनंतर भान हरपून तो रानात निघून जातो. ११३६च्या सुमारास मॉनमथच्या जेफ्रीने ब्रिटनच्या राजांचा लॅटिन इतिहास रचला आणि मर्धिनचा ‘मर्लिनस’, म्हणजे आर्थरकथेतला जादूगार मर्लिन, झाला. आर्थरची राणी, वेल्श ग्वेनह्विवार, इंग्रजीत ग्विनेव्हिअर झाली, कॉर्नवॉलमध्ये जेनिफर. आर्थरचा सरदार लॅन्सलॉट याला तर बाराव्या शतकात क्रेतियँ द त्रॉय या फ्रेंच कवीने कथेत आणला. म्हणजे ज्याला आपण मूळ म्हणतो, तेच हातोहात झिजून आलेलं आहे.

आधुनिक लेखकांपैकी टॉल्किननी वेल्शमधून नावांपेक्षा नाद उचलला. त्यांच्या एल्फांची सिंदारिन भाषा वेल्शच्या उच्चारांवर बेतलेली आहे. लॉइड अलेक्झांडर दुसऱ्या महायुद्धात सैनिक म्हणून वेल्समध्ये राहिले. त्यांनी ‘प्रिडेन’मालेत ग्विडिअन, अराउन ही नावं जुन्या वेल्श कथांमधून थेट घेतली. दोन्ही वाटा मोठ्या आहेत, पण मला ओढ आहे ती रॉबर्ट जॉर्डनच्या वाटेची.

त्यांच्या ‘द व्हील ऑफ टाइम’चा पहिला खंड १९९०चा. या जगात काळ चाकासारखा फिरतो. युगं जातात, त्यांच्या कथा विरत जातात आणि तीच युगं पुन्हा येतात. त्यामुळे नावं झिजलेलीच असायला हवीत. नायक रँड अल्‌थॉर. आडनाव जरा भरभर म्हणा, आर्थर ऐकू येतो. त्याच्या गावची एग्वेन अल्‌व्हेर. तिच्या नावात ग्विनेव्हिअर दडली आहे. या दोघांचं लग्न होणार, असं गाव धरून चालतं. ते होत नाही. आर्थरची आई इग्रेन, इथे रँडची आई टिग्रेन. आर्थरचा भाचा गवेन याची आई मॉर्गॉज, इथे गॉविनची आई मॉर्गेस. रँडला जी स्फटिकाची तलवार मिळवायची आहे, ती ‘स्टोन’ नावाच्या गढीत आहे. आर्थरने उपसली तशी पाषाणातली तलवार! आणि अशा शक्तिवस्तूंना तिथे ‘साआंग्रिअल’ म्हणतात. त्यात जुन्या फ्रेंच कथांमधला ‘सान ग्राल’, म्हणजे तो पवित्र प्याला, स्पष्ट दिसतो.

याला मी सजावट म्हणणार नाही. मध्ये नुसती एखादी अपॉस्ट्रॉफी खुपसून परकेपणा आणणारी नावं पुष्कळ आहेत, ती मी वाचताना विसरतो. जॉर्डनचं प्रत्येक नाव एक नातं सोबत घेऊन येतं. टिग्रेन कोण हे कळण्याआधीच ते नाव जाणत्या वाचकाला सावध करतं, आणि एग्वेन-रँडचं जुळत नाही तेव्हा आठशे वर्षांच्या कथेचं वळण बदलताना आपण पाहतो.

पहिल्याच खंडात गावात एक भाट येतो, टॉम मेरिलिन. हा मर्लिनच. आपल्याकडे कोणत्या कथा आहेत ते तो गावकऱ्यांना सांगतो, आणि त्यांत मातेरीस नावाची एक रोग बरे करणारी बाई आहे. मदर तेरेसा! आपलं विसावं शतक त्याच्या तोंडी दंतकथा झालेलं आहे, आणि ती जिथली माता, त्या देशाचं नाव तो सांगतो इंड.