घरी इंटरनेट घेताना

पुण्यात आमच्या गटातल्या पाच घरांनी एकदमच इंटरनेट घेतलं. जाहिरातीत महिना ४९९ रुपये वाचले आणि आम्ही हो म्हटलं. बिल आलं ५८९ चं, कारण १८ टक्के जीएसटी वेगळा होता. शिवाय सहा महिन्यांचे पैसे आगाऊ, म्हणजे साडेतीन हजार एकदम गेले. रोज संध्याकाळी, नेमकं मुलींच्या ऑनलाइन क्लासच्या वेळी, नेट अडखळायचं. पण पैसे भरून बसलो होतो, बदलणार कसं?

आता आम्ही आधी विचारतो. करासकट महिन्याला किती? जोडणीचे आणि राउटरचे पैसे वेगळे का, अनामत परत मिळते का? ‘अनलिमिटेड’ म्हणतात, पण ठरावीक जीबी संपल्यावर वेग कितीवर येतो?

वेगाचंही तसंच. ४० एमबीपीएस म्हणजे सेकंदाला ४० मेगाबिट, मेगाबाइट फक्त पाच. तरी चार माणसांच्या घराला, मुलांच्या अभ्यासाला तेवढा पुरतो. शंभराचा पॅकेज गळ्यात मारून घेऊ नका.

सगळ्यात महत्त्वाचं, आपल्याच गल्लीत ज्यांच्याकडे ती जोडणी आहे, त्यांना विचारा, “संध्याकाळी कसं चालतं? बिघडलं तर माणूस कधी येतो?” पहिल्यांदा एकाच महिन्याचे पैसे भरा. तक्रार केली की तिचा नंबर वहीत लिहून ठेवा.

गावात एकच कंपनी असली तरी हे प्रश्न विचाराच. पैसे आपल्या कष्टाचे आहेत.