बालशिक्षकांचे शिक्षक

लहान मुलांना शिकविणें सोपें, असा समज आपल्या सुशिक्षित घरांतूनही आढळतो. महाविद्यालयांत शिकविणारा तो विद्वान, आणि बालमंदिरांतील बाई ती केवळ मुलें सांभाळणारी! मग ह्या बाईंनाही कोणी शिकवावें लागतें, आणि त्या शिकविणाऱ्यालाही निराळी साधना करावी लागते, हें कोणाच्या ध्यानीं यावें? मॉंटेसरी पद्धतीच्या संदर्भांत ह्या साधनेचा आज विचार करूं.

डॉ. मारिया मॉंटेसरी यांनीं रोममधील सान लोरेन्झो ह्या गरिबांच्या वस्तींत ६ जानेवारी १९०७ रोजीं आपलें पहिलें बालगृह उघडलें. पुढें दोनच वर्षांनीं शिक्षकांसाठीं त्यांना पहिला वर्ग चालवावा लागला. १९३९ सालीं त्या मद्रासजवळ अड्यार येथें आल्या. त्या इटालियन भाषेंत बोलत आणि त्यांचे चिरंजीव मारिओ तें इंग्रजींत सांगत. महायुद्धामुळें त्यांचा मुक्काम १९४६ पर्यंत लांबला, आणि तेवढ्या अवधींत आपल्या देशांत शेंकडों शिक्षक ह्या पद्धतींत तयार झाले.

परंतु नुसतीं व्याख्यानें ऐकून हा शिक्षक तयार होत नाहीं. दट्ट्यांची पेटी घ्या. एका लांकडी ठोकळ्यांत दहा खळगे आणि प्रत्येकांत नेमका बसणारा एकेक दट्टा. मूल दट्टे काढतें व पुन्हां बसवितें. एखादा दट्टा भलत्याच खळग्यांत गेला कीं शेवटीं एक दट्टा उरतो आणि त्याला जागा सांपडत नाहीं. चूक पेटीच दाखविते. बाईंनीं ती सांगावयाची नसते. पण मोठ्या माणसाचा हात आपोआप पुढें जातो, ‘असें नव्हे, बाळ’ हे शब्द तोंडून निसटतात. हा हात आवरावयास शिकविणें हेंच शिक्षकांच्या शिक्षकाचें मुख्य काम होय.

तें व्हावें कसें? शिकाऊ शिक्षिकेला वर्गाच्या कोपऱ्यांत तासन् तास मुकाट्यानें बसवितात आणि जें दिसलें तें लिहावयास सांगतात. तिनें ‘मूल कंटाळलें’ असें लिहिलें तर विचारावें लागतें, ‘कंटाळा आपण पाहिलात कोठें? त्यानें मान वळविली, कीं दट्टा खालीं ठेवला?’ दिसलें तें एक आणि वाटलें तें दुसरें, हा भेद अंगीं मुरावयास महिने लागतात. खुर्ची आवाज न करतां उचलणें, चटई नीट गुंडाळणें, मोजक्या शब्दांत एखादें साधन मुलापुढें मांडणें, हें सारें आधीं स्वतःच्या हातांनीं करावयाचें आणि प्रत्येक साधनाची मांडणी आपल्या वहींत स्वतः लिहून काढावयाची.

हें दुसऱ्यांना शिकविण्याची ज्याची इच्छा आहे, त्यानें ही वाट आधीं स्वतः चाललेली असावी लागते. मुलांत कांहीं वर्षें काढल्यावर एखाद्या अनुभवी गुरूच्या हाताखालीं तो पुन्हां पहिल्यापासून बसतो, आपल्या वह्या नव्यानें लिहितो, गुरूच्या देखत व्याख्यानें देतो. सर्वांत अवघड गोष्ट मात्र कोणत्याही वहींत नसते. आतां समोर मुलें नसतात. सवयी घट्ट झालेलीं प्रौढ माणसें असतात. त्यांच्या प्रत्येक चुकीवर आपण झडप घातली, तर तींही उद्यां मुलांवर तशीच झडप घालणार. संयम शिकवावयाचा तो संयमानेंच.

आणखी एक जोखीम आहे. साधनांचें सोंवळें माजलें कीं पद्धत मरते. ह्या बाबतींत ताराबाई मोडक यांचें उदाहरण डोळ्यांपुढें ठेवावें. गिजुभाई बधेका यांनीं १९२० सालीं भावनगरला दक्षिणामूर्ति संस्थेंत बालमंदिर काढलें होतें. तेथें १९२३ सालीं ताराबाई गेल्या. १९३६ सालीं त्यांनीं मुंबईस दादरला शिशुविहार सुरू केला आणि पुढें १९४५ पासून बोर्डीच्या खेड्यांत काम मांडलें. तेथें महागडीं साधनें कोठलीं? शिंपले, खडे, बिया, पानें हींच साधनें झालीं. अस्पृश्य मानलेल्या वस्तींतील मुलें बालवाडींत येईनात, तेव्हां बालवाडीच त्यांच्या अंगणांत गेली. अंगणवाडी हें नांव तेथून आलें. पुढें कोसबाडला, अनुताई वाघ सोबत असतांना, गुरें राखणाऱ्या आदिवासी मुलांसाठीं कुरणांतच शाळा भरूं लागली.

म्हणून वाटेल तो बदल करावा, असा मात्र ह्याचा अर्थ नव्हे. दहा ठोकळ्यांच्या मनोऱ्यांत सर्वांत लहान ठोकळ्याची बाजू १ सेंटिमीटर आणि सर्वांत मोठ्याची १० सेंटिमीटर असते; वाढ प्रत्येक वेळीं नेमकी १ सेंटिमीटरची. सुतारानें अंदाजानें कापले तर मुलाच्या डोळ्याला चूक दिसणार कशी? कोणतें बदलतां येईल आणि काय बदलल्यास जीवच जाईल, हा विवेक ज्याला आहे तोच शिक्षकांचा शिक्षक होण्यास पात्र.

आपणां आईबापांचा ह्याशीं निकटचा संबंध आहे. दारावर मॉंटेसरी हें नांव असणें निराळें आणि आंत तशी बाई असणें निराळें. मुलाचें नांव घालण्यापूर्वीं, परवानगी मिळाल्यास, अर्धा तास वर्गांत गप्प बसावें. कपाटांतील साधनें मोजूं नयेत. मूल चुकत असतांना बाईंचे हात काय करतात, तेवढें पाहावें.