आधी पाण्याची वाट



किनाऱ्यावरच्या पाणथळ जागांत पाण्याचा नैसर्गिक प्रवाह परत आणण्याचं नियोजन करायला आपण अलिबागेत जमलो आहोत. इथल्या माणसांनी पिढ्यानपिढ्या बांध घालून खाऱ्या जमिनीत भात पिकवला.

आमच्या बांधातली उघाडी जरूर पाहा. ओहोटीला तिचं दार उघडतं, शेतातलं पाणी खाडीत उतरतं. भरती चढली की खाडीच्याच दाबानं ते दार मिटतं. दार कुजलं, एखाद्या उधाणात बांधाला खांड पडली, की खारं पाणी शेतात बसतं आणि काही वर्षांत तिथं तिवरांचं कांदळवन उभं राहतं. मग बांध दुरुस्त करावा तर कांदळवनाचा कायदा आडवा येतो, न करावा तर सातबाऱ्यावरची जमीन खाडीच्या पोटात. शेतकऱ्याचं दुःख खरं आहे आणि तिवरांचं मोलही खरं आहे. या पेचाला बगल देऊन केलेला आराखडा इथं टिकणार नाही.

दुसरीकडे रस्ते आणि भराव खाडीची तोंडं बुजवतात. एखादा अरुंद नळ ठेवला, की काम झालं असं मानलं जातं. भरती आत पोचत नाही आणि तिवरं उभ्यानं वाळतात. जिताडा खाऱ्या पाण्यात अंडी घालतो, पिल्लं गोड्या पाण्याकडे चढतात. त्यांचीही वाट तुटते. अशा जागी नुसती रोपं लावणं म्हणजे पैसा चिखलात घालणं, असं माझं स्पष्ट मत आहे.

तमिळनाडूत पिचावरमच्या कांदळवनात साचलेल्या पाण्यानं जमिनीत मीठ वाढलं होतं. तिथं आधी माशाच्या काट्यासारखे चर खणून भरती-ओहोटी आत खेळवली, मग रोपं जगली. ओडिशात चिल्का सरोवराचं समुद्राकडचं तोंड गाळानं कोंडलं होतं. पुण्याजवळच्या खडकवासल्यातल्या केंद्रीय जल आणि विद्युत संशोधन केंद्रानं प्रतिकृतींवर अभ्यास केला आणि २००० साली नवं मुख खोदलं गेलं. मासळी परतली, २००२ मध्ये रामसर कराराच्या धोक्यातील पाणथळांच्या यादीतून चिल्काचं नाव वगळलं गेलं. ही विद्या आपल्या घरातली आहे, कोकणाला तिचा लाभ व्हायला हवा.

पूर्वी बांधाची निगा गाव मिळून राखायचं, त्या पद्धतीला इथं जोळ म्हणतात. उधाण कुठवर चढतं, भांगाला कुठली खाजण कोरडी पडते, हे जोळाच्या जुन्या माणसांना पाठ असतं. ती मंडळी आज सभागृहात आहेत. पाहुण्यांना माझी हात जोडून विनंती आहे : नकाशावर पहिली रेघ ओढण्याआधी त्यांच्याशेजारी बसा, आणि आराखड्याच्या पहिल्या पानावर रोपांच्या आकड्याऐवजी भरती-ओहोटीच्या पातळ्या लिहा.